गोत्र काय हो तुमचं?

"विनोदी आहे का थ्रिलर, काय ते एक ठरवा आधी, मग स्टेजवर चढा." एका परीक्षकांनी हे भर माईकवर सुनावलं त्याला आता सतरा-अठरा वर्षं होत आली. स्पर्धा कोणती, गाव कोणतं ते नाही सांगत, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही, कारण तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. मी आपला मान खाली घालून गळ्यातला गमछा पिळत उभा होतो. आता उत्तर सुचलंय तर ऐकायला परीक्षक नाहीत, म्हणून इथं लिहायलोय.

झालं असं की आम्ही परभणीची आठ-नऊ पोरंपोरी, कॉलेजकडून एकांकिका करायची होती. त्या काळात आमच्या भागात एकांकिका म्हणलं की दुष्काळ, हुंडा, सावकार, आणि शेवटी एक किंकाळी आणि लाल लाईट. विषय खोटे नव्हते, पण एका दिवसात ओळीनं चौदा किंकाळ्या ऐकल्या की पंधराव्या किंकाळीला माणूस बाहेर चहाला जातो. आम्हाला हसवायचं होतं. एका सरांनी एक सीडी दिली, म्हणले बघा, ह्यात दोन म्हाताऱ्या आहेत, लई गोड आहेत, माणसं मारतात.

ते होतं 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'. सीडीत होता तो १९४४ चा सिनेमा, फ्रँक काप्राचा, कॅरी ग्रँट असलेला. मूळ नाटक जोसेफ केसलरिंग नावाच्या माणसाचं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १० जानेवारी १९४१ ला उघडलं आणि जून १९४४ पर्यंत चाललं, १४४४ प्रयोग. महायुद्ध चालू, रोज पेपरात मेलेल्यांचे आकडे, आणि लोक संध्याकाळी तिकीट काढून तळघरातल्या प्रेतांवर हसायला जायचे. लंडनमध्ये १९४२ च्या शेवटी लागलं, तिथंही तेराशेच्या वर प्रयोग झाले, आणि ते तर बॉम्ब पडून गेलेलं शहर.

गोष्ट थोडक्यात सांगतो, ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. ब्रुकलिनमध्ये एक जुनं घर, त्यात ॲबी आणि मार्था ह्या दोन म्हाताऱ्या बहिणी. देवभोळ्या, दानशूर, गल्लीतल्या आजाऱ्याला सूप नेऊन देणाऱ्या, पोलिसांच्या लेकरांना खेळणी देणाऱ्या. त्यांचा भाचा मॉर्टिमर, हा पेपरात नाटकांची परीक्षणं लिहितो आणि त्याला नाटकाचा तिटकारा आहे (आमचे परीक्षक आठवा). शेजारच्या पाद्र्याच्या पोरीशी त्याचं लग्न ठरतंय. तो घरी येतो, खिडकीखालच्या बसायच्या पेटीचं झाकण उघडतो आणि आत प्रेत. त्याला वाटतं हे वेड्या भावानं केलं असणार. आत्या म्हणतात छे, ते आमचंय. बारावं आहे. एकटे, बिनमाणसाचे म्हातारे खोली भाड्यानं बघायला येतात, त्यांना पुढं-मागं कोणी नाही, मग त्या त्यांना घरी केलेली एल्डरबेरीची वाईन देतात, त्यात सोमल (नावातलं आर्सेनिक ते हेच), थोडं स्ट्रिक्निन आणि चिमूटभर सायनाइड. चिमूटभर हा शब्द आत्या अशा म्हणतात की फोडणीत हिंग टाकायलात. आणि पाप केलं असं त्यांच्या गावीही नाही. एका एकट्या जिवाला शांती दिली, बस. प्रेत पुरताना काळे कपडे घालून, प्रार्थनेचं पुस्तक घेऊन, ज्याचा जो पंथ त्याप्रमाणे विधी करतात.

केसलरिंगला हे कशावरून सुचलं त्याबद्दल एक खरी केस सांगतात. कनेक्टिकट राज्यात विंडसर गावी एमी आर्चर-गिलिगन नावाची बाई वृद्धाश्रम चालवायची. हजार डॉलर एकरकमी भरा, मरेपर्यंत सांभाळते असा तिचा हिशोब, म्हणजे म्हातारा जितका जास्त जगेल तितका तोटा. माणसं पटापटा मरायला लागली, १९१६ मध्ये तिला अटक झाली, सोमल निघाला. मला ह्यात खरी कमाल ही वाटते की नाटकात पैसा काढूनच टाकला. बाईनं पैशासाठी मारलं तर तो नुसता क्राईम, ॲबी-मार्थानं मायेनं मारलं की हसू येतं आणि हसता हसता मान आखडते. नाटकाचं पहिलं नाव म्हणे 'आमच्या तळघरातली प्रेतं' अशा अर्थाचं होतं. बरं झालं बदललं.

तर आम्ही ते मराठीत आणायला बसलो. हक्कबिक्क घ्यायचे असतात हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं, त्याबद्दल आता माफी. पहिलीच अडचण एल्डरबेरी. हे फळ आहे का भाजी इथपासून सुरुवात. वाईन तर विषयच नाही, परभणीत दोन सोवळ्यातल्या आत्या वाईन देतायत म्हणलं तर दुसऱ्याच कारणानं बोंब झाली असती. चहा? चहात विष हे दर दुसऱ्या सिनेमात असतं. मग मोठ्या आत्याचं काम करणारी पोरगी म्हणली, पन्हं. झालं! मे महिन्याचं ऊन, चव्वेचाळीस डिग्री, दारात दमलेला माणूस, आणि आत्या फुलपात्र पुढं करून म्हणतायत, घ्या हो एवढं घोटभर, उन्हाचं आलात. सांगा कोण नाही म्हणेल? मराठवाड्यात कोणी उन्हाचं आल्यावर पाणी नाकारणं म्हणजे भांडण काढण्यासारखं. आणि वाईनच्या ग्लासापेक्षा फुलपात्र भारी एवढ्यासाठी की आत काय आहे ते प्रेक्षकाला दिसतच नाही.

दुसरी अडचण तळघर. ब्रुकलिनच्या घरात तळघर, तिथं मॉर्टिमरचा भाऊ टेडी, ज्याला वाटतं आपण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आहोत, तो पनामा कालवा खोदत असतो. आत्या त्याला सांगतात हा माणूस पीतज्वरानं गेलाय, की तो गुपचूप कालव्यात खड्डा करून पुरतो. आणि दर वेळी जिना चढताना जिना म्हणजे लढाईतली टेकडी समजून तलवार उपसून "चार्ज!" ओरडत पळतो, मधीच बिगुल वाजवतो, शेजारी तक्रार करतात, म्हणून त्या घरात सारखे पोलीस येत राहतात. किती साधी युक्ती आहे बघा. थ्रिलरमध्ये पोलीस घरात आणायचे कसे हा लेखकाला नेहमीचा प्रश्न, इथं एका बिगुलानं सोडवला.

आम्ही काय केलं, तळघराच्या जागी पेव. ज्यांना माहीत नाही त्यांना, पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं, पोतीच्या पोती मावतात. आमच्या आजोळच्या वाड्यात होतं. वर्षानं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो, म्हणून आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे, कंदील विझला तर थांबायचं. म्हणजे प्रेतं लपवायला जागा शोधत बसायची गरजच नव्हती, वाड्यानं ती आधीच करून ठेवली होती. आणि टेडीचा झाला आमचा आप्पाकाका, त्याला वाटतं आपण पाटबंधारे मंत्री आहोत आणि जायकवाडीचा डावा कालवा खोदायलोय. कोणते मंत्री ते नाव घेतलं नाही, परभणीत कोणाला सांगायची गरज नाही. २०८ किलोमीटरचा तो कालवा, पैठणहून निघालेलं पाणी आमच्याकडं शेवटाला येईपर्यंत त्याचं काय होतं ते आम्हालाच माहीत, त्यामुळं काका जेव्हा "गेट उघडा!" असं ओरडत हातात फावडं घेऊन माडीच्या जिन्यावर पळायचा आणि थोरली आत्या शांतपणे म्हणायची "उघडलं रे बाबा, येतंय, वर जाऊन बघ", तेव्हा हॉल पडायचा. तो हशा आमचा नव्हता खरं तर, जायकवाडीचा होता.

पण ह्या लेखाला नाव दिलंय ती गोष्ट वेगळीच. मूळ नाटकात आत्या येणाऱ्याला विचारपूस करतात, घर कुठं, माणसं कोण कोण, एकटेच का, आणि पंथ कोणता. आम्ही ते बसवताना धाकटी आत्या, जी एरवी फार बोलायची नाही, ती तालमीत आपल्या मनानंच पन्हं देताना म्हणली, "गोत्र काय हो तुमचं?" आम्ही सगळे हसलो. कारण आपल्याकडं म्हातारी बाई हे विचारतेच, गाव कोणतं, कोणाचे कोण, गोत्र काय, आणि दोन मिनिटात तुमच्या मावशीची जाऊ तिची चुलत नणंद निघते. प्रयोगात पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा सगळा हॉल असाच ओळखीचं हसला. त्यानंतर वीस मिनिटांनी भाच्याला कळतं की पेवात अकरा आहेत आणि बारावा कोठीत आहे, तो कपाळ धरून विचारतो, आत्या, तुम्ही ह्यांचं पुढं काय करता, आणि थोरली आत्या जराशी दुखावून म्हणते, "आम्ही काय तसंच टाकतो का रे? सगळं यथासांग करतो. प्रत्येकाचं गोत्र विचारून घेतलेलं असतं आधीच."

तो क्षण मी विंगेतून बघितला. आधी शांतता. मग एकजण हसला, मग पाच-सहा, मग सगळा हॉल, पण तो हशा मघाचा नव्हता, त्यात जरा "अगं बाई" मिसळलेलं होतं. तेच वाक्य. त्याच सुरात. एकदा प्रेमळ ऐकू आलं आणि दुसऱ्यांदा पिंडाचा हिशोब. आता मला सांगा सर, ह्यातलं विनोदी कुठलं काढून ठेवायचं आणि थ्रिलर कुठलं? सुरीनं कापलं तरी वेगळं होत नाही ते. वाईट माणूस वाईट वागला तर भीती वाटेल, बावळट माणूस बावळट वागला तर हसू येईल, पण चांगला माणूस चांगुलपणानंच काहीतरी भयंकर करतोय आणि त्याला त्यात काही वावगं दिसतच नाही म्हणलं की दोन्ही एकदमच होतं. केसलरिंगनं हे शोधलं म्हणा, आमच्या धाकट्या आत्याला ते तालमीतच आपोआप सापडलं.

आता सिनेमाबद्दल, कारण खरं तर तो परत बघितला म्हणून हे सगळं उकरलं.

काप्रानं शूटिंग १९४१ च्या शेवटी, म्हणजे नाटक चालू असतानाच उरकलं होतं, पण करार असा की ब्रॉडवेवरचं नाटक बंद होईपर्यंत सिनेमा लावायचा नाही, आणि नाटक काही बंद होईना. डबे पडून राहिले, लागला तो १९४४ च्या सप्टेंबरात. दोन्ही आत्या, जोसेफिन हल आणि जीन अडेअर, आणि टेडी करणारा जॉन अलेक्झांडर हे तिघं नाटकातलेच, शूटिंगपुरती सुट्टी काढून आलेले. म्हणून सिनेमात आत्यांकडं नीट बघा, त्यांचं टायमिंग भट्टीतून निघालेल्या विटेसारखं आहे, शेकड्यानं प्रयोग अंगात मुरलेत. दोघी खोलीत बारीक पावलं टाकत अशा फिरतात की घरात मांजर फिरतंय.

फक्त एकजण नाही आला आणि तिथं मोठा घोटाळा झाला. मॉर्टिमरचा थोरला भाऊ जोनाथन, हा खरा खुनी, जगभर माणसं मारत फिरलेला, सोबत डॉक्टर आइनस्टाईन नावाचा दारुडा सर्जन (सिनेमात पीटर लॉरी, काय डोळे आहेत त्या माणसाचे). ह्या डॉक्टरनं दारूच्या नशेत जोनाथनच्या चेहऱ्याचं ऑपरेशन केलंय आणि तो आता बोरिस कार्लोफसारखा दिसतो, फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस झालेला तो कार्लोफ. कोणी तसं म्हणलं की जोनाथनचं डोकं फिरतं. आता गंमत अशी की नाटकात हे काम खुद्द बोरिस कार्लोफ करायचा! म्हणजे स्टेजवर कार्लोफ उभा, समोरचा म्हणतो अरे हा तर कार्लोफसारखा दिसतो, आणि कार्लोफ चिडतो. लोक त्याच्या नावावर तिकिटं काढायचे, निर्माते त्याला सोडायला तयार झाले नाहीत. सिनेमात मग रेमंड मॅसी, चेहऱ्यावर टाके काढलेला. मॅसी वाईट नाही, भीती घालतो, पण विनोद अर्धा झाला. कार्लोफसारखा दिसणारा माणूस चिडणं वेगळं आणि कार्लोफ चिडणं वेगळं.

हे मला का कळतं तर आम्ही तीच माती खाल्ली. आम्ही लिहिलं की जोनाथन निळू फुलेंसारखा दिसतो. कागदावर वाचताना आम्ही लोळलो हसून. पण आमच्याकडं त्या कामाला होता तो पोरगा सहा फूट उंच, आवाज किरटा, चेहरा असा की कंडक्टरही अर्धं तिकीट मागेल. स्टेजवर एकजण म्हणला "हा तर निळूभाऊंसारखा दिसतो", प्रेक्षकांनी पोराकडं बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं. कार्लोफनं पुढं १९५५ आणि १९६२ च्या टीव्हीवरच्या प्रयोगांत परत जोनाथन केला, म्हणजे निदान टीव्हीवाल्यांना तरी कळलं होतं. १९६९ मध्ये पण एक टीव्हीवर झालं, त्यात हेलन हेज आणि लिलियन गिश आत्या होत्या, गिश म्हणजे मूकपटातली नटी. हेज तर १९५५ मध्येही आत्याच होती. काही बायका जन्मतःच आत्या असतात.

कॅरी ग्रँटबद्दल माझं मत दर वेळी बदलतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं ह्याच्यासारखं कोणी नाही. आता वाटतं माणूस फारच डोळे फिरवतो, पेटीचं झाकण उघडून बंद करून परत उघडून, खुर्चीवरून उडी मारून, मान झटकून, शिट्टीसारखा आवाज काढून. त्याला स्वतःलाही ते काम आवडलं नव्हतं, जरा जास्तच केलं असं त्याचं म्हणणं, आणि मिळालेले लाखभर डॉलर त्यानं युद्धमदतीला वगैरे देऊन टाकले. पण मला वाटतं चूक त्याची नाही. कॅमेरा सारखा त्याच्या तोंडावर आहे. नाटकात तो डाव्या कोपऱ्यात उड्या मारत असेल तेव्हा उजवीकडं आत्या टेबलावरचा रुमाल सारखा करत असतात, तुम्हाला कुठं बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवता, आणि रुमाल बघणाऱ्याला जास्त हसू येतं. सिनेमात रुमाल दिसतच नाही, ग्रँट दिसतो.

बाकी सिनेमानं काही गोष्टी लांबवल्यात, सुरुवातीला बेसबॉलची मारामारी, लग्नाच्या लायसनची रांग, शेजारी कब्रस्तान, हॅलोविनचा दिवस. चालतंय. मूळ घरात शिरलं की गाडी रुळावर येते.

आणि ते एक दृश्य! मॉर्टिमर नाटकांचा समीक्षक ना, तर तो डॉक्टर आइनस्टाईनला सांगायलाय की काल एक नाटक बघितलं, काय मूर्ख नाटक, त्यातल्या माणसाला माहीत आहे की घरात खुनी आहे आणि तरी तो येड्यासारखा दाराकडं पाठ करून खुर्चीत बसतो. डॉक्टर विचारतो, मग काय होतं? हा म्हणतो, काय होणार, मागून खुनी येतो, पडद्याची दोरी काढतो, आणि हा माणूस बसलाच आहे! हे सगळं तो स्वतः दाराकडं पाठ करून खुर्चीत बसून, करून दाखवत सांगतोय, आणि मागं जोनाथन पडद्याची दोरी काढतोय. बांधतात त्याला. मग येतो एक हवालदार, ओ'हारा, आता सुटका होणार म्हणता म्हणता तो बांधलेल्या समीक्षकाला बघून खुश होतो, कारण त्यानं एक नाटक लिहिलंय आणि ऐकवायला इतक्या वर्षात असा हलू न शकणारा श्रोता मिळाला नव्हता. तोंडात बोळा असलेला समीक्षक आणि समोर नवोदित नाटककार. मला वाटतं जगातल्या सगळ्या लेखकांचा बदला ह्या एका दृश्यात निघालाय.

हे आम्हाला बदलावंच लागलं नाही. आमच्याकडं तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत ज्याच्या त्याच्या शर्टाच्या खिशात कवितेची घडी असते. आमचा हवालदार "मुक्तछंदात आहे, साहेब" म्हणून सुरू झाला आणि पहिल्या रांगेतले दोन पाहुणे एकमेकांकडं न बघता हसले.

प्रयोगाची फजिती राहिलीच. खिडकीखालची पेटी आमच्याकडं नव्हती, मग पत्र्याची ज्वारीची कोठी आणली, एकाच्या घरून, रिकामी करून. रिकामी म्हणजे ज्वारी काढली, पण आत धान्याला लावलेली पावडर आणि भुसा तसाच. प्रेत झालेला पोरगा आत बसला आणि भाच्यानं झाकण लावून आत्याला विचारलं, "आत्या, ह्या कोठीत काय आहे?" तेवढ्यात आतून एक शिंक. मग अजून एक. मग ओळीनं चार. मी विंगेत डोक्याला हात लावला. थोरली आत्या कोठीकडं गेली, पदर सारखा केला, कोठीवर दोन थापा मारल्या आणि म्हणली, "उंदीर झालेत रे मेले, ह्यांच्यासाठी पण काहीतरी करावं लागेल." आणि पन्ह्याच्या पातेल्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी आजवर कोणत्याही नाटकात एवढा मोठा हशा ऐकला नाही, आणि तो लिहिलेला नव्हता.

ब्रॉडवेवर म्हणे शेवटी नमस्काराच्या वेळी तळघरातून ते सगळे मेलेले म्हातारे ओळीनं वर यायचे आणि प्रेक्षकांना लवून नमस्कार करायचे. सरांनी हे सांगितलं आणि आम्हाला ते करायचंच होतं. पण माणसं कुठून आणणार? आमच्या नंतरची एकांकिका ऐतिहासिक होती, तिचे मावळे विंगेत तयार होऊन उभे, त्यातले सहा उसने घेतले, म्हणलं चला फक्त नमस्कार करायचाय. पडदा पडला, परत वर गेला, आणि आमच्या पेवातून अंगरखा, पागोटं, कमरेला तलवार अशी सहा माणसं निघाली आणि मुजरा केला. अक्षरशः पेव फुटलं. प्रेक्षकांना वाटलं आत्या फार जुन्या काळापासून हे करतायत. परीक्षकांनी मात्र पेन खाली ठेवलं, आणि मग ते माईकवरचं वाक्य आलं. खरं सांगायचं तर मावळ्यांबद्दल त्यांचं बरोबरच होतं.

सिनेमात आणि नाटकात एक फरक मला फार लागतो. आत्यांचे बारा आणि जोनाथनचेही बारा, बरोबरी. तो तेरा म्हणतो पण डॉक्टर एक मोजायलाच तयार नाही, म्हणतो तो न्युमोनियानं मेला. जोनाथन चिडून म्हणतो मी गोळी घातली नसती तर न्युमोनिया झाला असता का! दोन म्हाताऱ्यांनी घरी बसून बरोबरी केली ह्याचा त्या धंदेवाईक खुन्याला खरोखर अपमान वाटतो. मग मॉर्टिमरला कळतं की तो ह्या वेड्यांच्या रक्ताचाच नाही, सांभाळलेला आहे, आणि तो आनंदानं नाचतो. नाटकात तो स्वतःला अनौरस म्हणून घेतो, सिनेमात सेन्सॉरमुळं "मी जहाजावरच्या आचाऱ्याचा पोरगा!" असं काहीतरी झालं. सिनेमा पुढं नवरा-नवरी आणि टॅक्सीवाल्याच्या वाक्यावर संपतो, सगळे खुश.

नाटक तसं संपत नाही. आत्यांना वेड्यांच्या आश्रमात जायचंय, न्यायला आश्रमाचे साहेब आलेत, विदरस्पून, थकलेले, बायको-पोरं नाहीत, एकटेच. आत्या त्यांची मायेनं विचारपूस करतात. बारा-बारा बरोबरी झालेलीच आहे. मग ॲबी बाटली काढते. विदरस्पून म्हणतात, अरे वा, एल्डरबेरी, किती दिवस झाले प्यायलो नाही. आणि पडदा.

परवा हा सिनेमा मी माझ्या आत्यासोबत बघितला, खरी आत्या, जिंतूरची, ब्याऐंशी वय, भाच्याच्या मुंजीला आलेली, दुपारी झोप येईना म्हणून लॅपटॉपसमोर बसली. इंग्रजी कळत नाही, मी मधी मधी सांगत होतो. प्रेत निघालं तरी काही वाटलं नाही तिला. जोनाथनला बघून "हा मेला चांगला नाही" एवढंच. कॅरी ग्रँट उड्या मारायला लागला की विचारायची ह्याला काय होतंय, पित्त आहे का. आत्यांचं मात्र सगळं बारकाईनं बघत होती, पडदे, टेबलावरचा रुमाल, ग्लास कसे पुसतात. मधीच म्हणली, बारा माणसं आली आणि नुसतं प्यायलाच दिलं, जेवायचं नाही विचारलं कोणाला?

सिनेमा संपला. मी म्हणलं आत्या, हे असं संपलं पण मूळ नाटकात नाही, तिथं तो न्यायला आलेला साहेब आहे ना, दमलेला, एकटा, त्याला पण शेवटी त्या देतात.

आत्यानं चष्मा काढला, पदराला पुसला आणि उठता उठता म्हणली, "मग बरोबर आहे की. आला माणूस तसाच कसा जाऊ द्यायचा."